पीस, हातोडा आणि घरातलं इंग्रजी



पालकसभा संपली की बहुतेक जण घाईने निघतात आणि दोन-चार आया, एखादे बाबा मागे रेंगाळतात. त्यांना जे विचारायचं असतं ते सगळ्यांसमोर विचारायचं नसतं. प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "मॅडम, आम्हा दोघांनाही इंग्रजी धड येत नाही. घरी त्याचा अभ्यास कोण घेणार? क्लास लावून टाकू का?" हे विचारताना आवाज खाली गेलेला असतो, आणि तेच मला फार लागतं. म्हणून आज हे हितगुज मुख्यतः तुमच्याशी, ज्यांना वाटतं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मुलाच्या इंग्रजीसाठी काहीच करू शकत नाही.

मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. म्हणजे तुमच्यापैकी काहींनी ते पाचवीत सुरू केलं असेल, तर काही तरुण पालकांनी थेट पहिलीत. दोघांनाही वर्षानुवर्षं शिकून बोलताना अडखळायला होतं, कारण इंग्रजी आपल्यापर्यंत पोचलं ते फळ्यावरून. स्पेलिंग पाठ, उत्तरं पाठ, व्याकरणाचे नियम पाठ. इंग्रजीतून काही कळून घ्यायची गरज मात्र फारशी कधी पडली नाही. मूल मराठी शिकलं ते "मला पाणी दे" आणि "ते काय आहे?" यातून. काही हवं होतं, काही जाणून घ्यायचं होतं, म्हणून शब्द आले. इंग्रजीलाही असंच एखादं खरं कारण मिळालं, तर ती भाषा मुलाला आपली वाटू लागते.

असं कारण पुरवणारी एक गोष्ट बहुतेकांच्या घरात आहे. विज्ञानाचे आणि निसर्गाचे छोटे इंग्रजी व्हिडिओ, दोन ते पाच मिनिटांचे. यूट्यूबवर चढवला गेलेला अगदी पहिला व्हिडिओही याच जातीचा होता, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. 2005 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण हत्तींसमोर उभा राहतो आणि त्यांची सोंड किती लांब आहे ते सांगतो. व्हिडिओ वीस सेकंदांच्या आत संपतो. हत्ती मागे दिसत असतात, त्यामुळे तो कशाबद्दल बोलतोय हे कुणालाही कळतं.

हेच तर या व्हिडिओंचं बळ आहे. जे दिसतं तेच बोललं जातं. कार्टूनमध्ये पात्रं भराभर बोलतात, मध्येच किंचाळतात, त्यांचे विनोद आपल्याकडच्या मुलांना उमगत नाहीत. मूल तासभर हसत बघतं ते चित्रांवर, भाषा कानावरून वाहून जाते. निसर्गाच्या चांगल्या चित्रणात निवेदक सावकाश बोलतो, मध्ये थांबतो, आणि पडद्यावर जे घडतंय त्याचंच वर्णन करतो. सर डेव्हिड ॲटनबरो यांचा आवाज एकदा ऐकून बघा. 1926 साली जन्मलेला हा माणूस 1979 च्या 'लाइफ ऑन अर्थ' या मालिकेपासून जगभरच्या घरांतून बोलत आला आहे. त्यांचं प्रत्येक वाक्य समजतं असं मी म्हणणार नाही, पण त्या बोलण्याच्या चालीत कान रमतात. त्यांच्या 2016 च्या 'प्लॅनेट अर्थ 2' मधला एक तुकडा मी मुलांना आवर्जून दाखवते. गॅलापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं सागरी इग्वानाचं पिल्लू, आणि खडकांच्या फटींतून त्याच्यामागे निघालेले साप. मुलं मराठीत ओरडत असतात, "अरे पळ, पळ!" आणि त्याच क्षणी त्यांच्या कानावर इंग्रजी क्रियापदं पडत असतात. तो अर्थ शब्दकोशातून काढावा लागत नाही.

आता एकच व्हिडिओ घेऊन सगळं सविस्तर सांगते, कारण कसं बघायचं यावरच खरं तर सारं अवलंबून आहे.

1971 च्या ऑगस्टमध्ये अपोलो 15 मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे राहिले. एका हातात सव्वा किलोहून जड हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस. दोन्ही त्यांनी एकाच वेळी सोडली. हे चित्रण मिनिटभराचंही नाही. चित्र धूसर आहे, आवाजात खरखर आहे. तरीही मुलांना शिकवण्यासाठी मला याहून चांगला व्हिडिओ माहीत नाही.

पहिल्यांदा तो आवाज बंद करून लावा. हातातल्या वस्तू दिसल्या की थांबवा आणि मुलाला मराठीत विचारा, "आता आधी काय पडेल?" ते ठामपणे सांगेल, हातोडा. सांगू द्या. मग पुढे चालवा. दोन्ही एकदमच जमिनीला टेकतात. मूल म्हणेल, "परत लाव." त्या "परत लाव"साठीच आपण एवढं केलेलं असतं.

मग मोबाइल बाजूला ठेवा आणि एक वही घ्या, वहीपेक्षा लहान असा एक कागद घ्या. खांद्याच्या उंचीवरून दोन्ही वेगवेगळे सोडा. वही धप्पकन पडेल, कागद डुलत डुलत उशिरा येईल. आता तो कागद वहीच्या वर सपाट ठेवा, कडेने बाहेर डोकावू देऊ नका, आणि वही आडवी धरून सोडून द्या. दोन्ही बरोबरच खाली येतात. कागद चिकटवलेला नाही, तरी मागे राहत नाही. मूल चार वेळा करून बघेल. वहीने समोरची हवा बाजूला सारली, म्हणून कागदाला अडवायला कुणी उरलं नाही, इथवर ते थोड्या गप्पांत पोचतं. चंद्रावर तर हवाच नाही. कागदाचा बोळा करून सोडला तर काय होतं, हे त्याला स्वतःलाच सुचू द्या.

एवढं झाल्यावर आवाज सुरू करा. स्कॉट म्हणतात, "इन माय लेफ्ट हँड आय हॅव अ फेदर, इन माय राइट हँड, अ हॅमर." आता यातला एकही शब्द मुलाला परका राहिलेला नाही. पीस कुठलं, हातोडा कुठला, कुठल्या हातात काय, सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलंय. पुढे गॅलिलिओचं नाव येतं, तेही ओळखीचं करून द्या. आणि मग मुलाच्या एका हातात कंगवा द्या, दुसऱ्या हातात कढीपत्त्याचं पान. ते आपसूक तेच वाक्य धरून बोलेल, फक्त वस्तू बदलून. कंगव्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तेच विचारेल. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर दोघं मिळून शोधा. वस्तू बदलत जा. चमचा आणि चिंधी, चावी आणि फुगा. मुलाने न पाठ करता, स्वतःच्या हातातल्या वस्तूंबद्दल इंग्रजीत खरं वाक्य बोललेलं असतं, आणि घरात कुणीच इंग्रजी "शिकवलेलं" नसतं.

यात तुमचं इंग्रजी कुठे लागलं, सांगा बरं? लागला तो तुमचा वेळ, तुमची मराठी आणि शेजारी बसणं.

शेजारी बसण्यावर मी एवढा भर देते त्याला आधार आहे. अमेरिकेत सिॲटल इथे पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं निवडली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवली, एकूण बारा बैठका. इतर बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं. माणसांसोबत खेळलेली बाळं चिनी भाषेतले वेगळे ध्वनी ओळखू लागली. पडद्यासमोर बसलेल्या बाळांना मात्र काहीच लाभ झाला नाही. पुढे 2018 मध्ये सिॲटलमधल्याच संशोधकांना असंही आढळलं, की पडद्यासमोर दोन बाळं एकत्र असली तर एकट्या बाळापेक्षा अधिक शिकतात. शाळकरी मूल बाळासारखंच शिकतं असं यावरून म्हणता येणार नाही. पण सोबतीला माणूस हवा, ही गोष्ट मला वर्गात रोज दिसते. दोघं भावंडं, शेजारची मैत्रीण, आजी, कुणीही चालेल. मोबाइल हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जाणं, आणि "इंग्रजीच बघतोय ना" म्हणून निश्चिंत होणं, याने भाषा येत नाही.

आजीचं नाव मुद्दाम घेतलं. निसर्गाच्या व्हिडिओत घरातली मोठी माणसं मुलांपेक्षा कितीतरी पुढे असतात. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचे असंख्य व्हिडिओ आहेत. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी मिल्कवीड नावाच्या झाडाची पानं खाते, मोठी होते, उलटी लटकते, कोष करते आणि एक दिवस केशरी फुलपाखरू बाहेर येतं. गावाकडच्या कुठल्याही आजीला हे दाखवा. त्या म्हणतील, "अशी अळी आपल्या रुईवर असते की!" आणि ते बरोबर आहे. रुई आणि मिल्कवीड एकाच घराण्यातल्या, दोघींना पांढरा चीक, आणि आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं प्लेन टायगर हे फुलपाखरू मोनार्कच्या सख्ख्या नात्यातलं. चिकातलं विष ही अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. व्हिडिओ पाहून झाल्यावर मुलाला रस्त्याकडेच्या, बांधावरच्या रुईपाशी घेऊन जा, पानांची खालची बाजू तपासा. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. अळी सापडली तर मुलाच्या तोंडून 'स्ट्राइप्स' हा शब्द असा निघेल की तो पुन्हा कधी विसरायचा नाही.

या फुलपाखराच्या व्हिडिओत भाषेची आणखी एक कमाई आहे. कित्येक दिवसांचा बदल तिथे दोन मिनिटांत दिसतो, म्हणून निवेदनात फर्स्ट, देन, आफ्टर दॅट, फायनली, बिकॉज, सो हे शब्द सतत येतात. सेमी-इंग्रजीच्या मुलांना विज्ञानाच्या पेपरात नेमके हेच नडतात. व्याख्या पाठ असते, पण कारणं लिहायला सांगितली की दोन वाक्यं जोडता येत नाहीत. हे जोडशब्द यादी पाठ करून बसत नाहीत, एखादी घडामोड क्रमाने सांगून बघितली की बसतात. म्हणून व्हिडिओ संपल्यावर मुलाला आधी मराठीत सांगू द्या, "आधी काय झालं, मग काय झालं?" मराठीत नीट क्रम लावता आला की इंग्रजीत लावणं सोपं जातं. जे मूल मराठीतही गोष्ट धड सांगू शकत नाही, त्याच्या इंग्रजीची घाई मी करणार नाही.

आता खाली येणाऱ्या अक्षरांविषयी. व्हिडिओच्या कोपऱ्यात सीसी असं बटण असतं, त्याने बोललं जाणारं खाली लिहून येतं. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी नव्वदच्या दशकात एक साधी कल्पना मांडली, की दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द लिहून दाखवावेत, म्हणजे गाणं ऐकता ऐकता लोकांचं वाचन सुधारेल. गुजरातपासून सुरुवात होऊन ते चित्रहार आणि रंगोलीपर्यंत गेलं. घरातही तेच करा. इंग्रजी आवाजाखाली इंग्रजीच अक्षरं ठेवा. खाली मराठी किंवा हिंदी भाषांतर लावलं की डोळे तिकडेच धावतात आणि कान बंद होतात. मात्र अक्षरं लावायची ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. पहिल्यांदा चित्र, मग आवाज, मग अक्षरं. ही अक्षरं पुष्कळदा यंत्राने आपोआप उमटवलेली असतात आणि चुकतात. मोठ्या मुलांना या चुका पकडायला सांगा, त्यांना ते भलतंच आवडतं. बोलणं फार वेगात वाटलं तर सेटिंगमध्ये वेग थोडा कमी करता येतो.

काय दाखवायचं, असंही विचाराल. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुने पेन यांची ती खेळणी दोन-दोन मिनिटांच्या व्हिडिओंत आहेत, इंग्रजीत आहेत आणि मराठीतही आहेत. आधी मराठीतला बघून खेळणं करा, दुसऱ्या दिवशी त्याचाच इंग्रजीतला लावा. हाताने केलेलं असलं की वाक्य आपोआप कळतं. घाबरणाऱ्या पालकांनी सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. 'डीप लूक' नावाच्या मालिकेत बारीक जीव प्रचंड मोठे करून दाखवतात. त्यातला डासाचा व्हिडिओ पावसाळ्यात अवश्य दाखवा. डासाच्या मादीच्या सोंडेत एकूण सहा सुया असतात, दोन त्वचा कापतात, दोन ती फाकवून धरतात, एकीतून लाळ आत सोडली जाते आणि एकीतून रक्त ओढलं जातं. हे पाहिलेलं मूल पाण्याचं पिंप स्वतःहून झाकतं. 'टेड-एड'चे व्हिडिओ चांगले, पण भाषा जड, ते पाचवी-सहावीच्या पुढे. अंतराळ स्थानकात ओलं फडकं पिळलं तर पाणी कुठे जातं, हे कॅनडाचे क्रिस हॅडफिल्ड यांनी 2013 मध्ये करून दाखवलं, दोन शाळकरी मुलींच्या सूचनेवरून. पाणी खाली पडतच नाही, हाताभोवती चिकटून राहतं. बघताना मोठी माणसंही थक्क होतात. उच्चार कुठे ब्रिटिश, कुठे अमेरिकन, कुठे आपले भारतीय असतील. त्याची अजिबात चिंता करू नका. मुलांचे कान हे सगळं सामावून घेतात.

एक सावधगिरी मात्र फार मनापासून सांगते. छोटा व्हिडिओ म्हणजे बोटाने वर सरकवत जायचे ते तुकडे नव्हेत. ते यूट्यूब शॉर्ट्स आपल्या देशात 2020 मध्ये आले आणि आता प्रत्येक हातात आहेत. एक वाघाचा, एक नाचाचा, एक केकचा, एक भूकंपाचा. पाच मिनिटांत पंधरा गोष्टी डोळ्यांसमोरून जातात, मनात एकही टिकत नाही, मग भाषा कुठून टिकणार? म्हणून व्हिडिओ तुम्ही आधी निवडा, आपोआप पुढचा सुरू होण्याची सोय बंद करा, जमलं तर तो डाउनलोड करून नेट बंद ठेवूनच दाखवा. शिवाय प्राण्यांना संकटातून वाचवण्याचे पुष्कळ व्हिडिओ बनावट असतात, त्या मुक्या जिवाला आधी मुद्दाम संकटात ढकललेलं असतं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले खोटे प्राणीही दिसू लागलेत. ओळखीच्या, जबाबदार संस्थांचंच दाखवा. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. इंग्रजीच्या नावाखाली हा नियम मोडू नका.

आणखी एक कळकळीची विनंती. पाहुणे आले की "काकांना इंग्रजीत बोलून दाखव" हे कृपा करून बंद करा. मूल त्या क्षणी भाषा वापरत नसतं, परीक्षा देत असतं, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर चुकतं. असं दोन-तीनदा झालं की ते इंग्रजी बोलणंच टाळू लागतं. घरातही वाक्य अर्ध्यावर तोडून दुरुस्त करू नका. "अळी ईट द लीफ" असं म्हणालं तर मान डोलवा आणि तुम्हीच पुढे म्हणा, "हो, द कॅटरपिलर इज ईटिंग द लीफ." तुम्हाला हे जमत नसेल तर नुसती मान डोलावली तरी पुरे, व्हिडिओ पुन्हा लावल्यावर बरोबर वाक्य ते स्वतःच ऐकेल.

किती दिवसांत बोलायला लागेल, हा तुमचा शेवटचा प्रश्न असतो. तारीख मी देऊ शकत नाही, क्रम सांगू शकते. आधी ऐकलेलं कळू लागतं, आणि हा बदल बाहेरून दिसतच नाही. व्हिडिओत निवेदक काही म्हणाला की मूल योग्य जागी बोट दाखवतं, योग्य ठिकाणी हसतं, एवढंच. मग मराठी वाक्यात इंग्रजी शब्द डोकावतात. "आई, ते प्युपातून बाहेर आलं." याला कुणी भाषेची खिचडी म्हणून हसू नका, ही मधली पायरी आहे. मग ऐकलेली वाक्यं वस्तू बदलून येतात, कंगवा आणि पानासारखी. स्वतःचं वाक्य सगळ्यात शेवटी येतं, आणि पुष्कळदा ते प्रश्न म्हणून येतं, कारण मुलाला काहीतरी जाणून घ्यायचं असतं. तोवर रोज दहाएक मिनिटं द्या, पण एक व्हिडिओ आठवडाभर पुरवा. पहिल्या आठवड्यात हातोडा आणि पीस घ्या. वही आणि कागद घरात आहेतच. दुसऱ्या आठवड्यात काय बघायचं ते मुलाला ठरवू द्या, आणि त्याने निवडलेलं तुम्ही आदल्या रात्री एकदा स्वतः बघून ठेवा.